दोन चुलींची कादंबरी

मारिओ पुझो म्हटले की 'द गॉडफादर' (१९६९) आठवते. त्याच्या चार वर्षे आधी, १९६५ साली, याच लेखकाची 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या घरात मुलाबाळांचा संसार रेटणारी लुसिया सान्ता ही इटालियन स्थलांतरित स्त्री तिची नायिका आहे. पुझोला हीच आपली सर्वोत्तम कृती वाटे. डॉन कॉर्लिओनेच्या तोंडी आपण वस्तुतः आपल्या आईचाच आवाज घातला, असेही त्याने सांगून ठेवले आहे. वाचकांनी मात्र डॉनला डोक्यावर घेतले आणि आई मागे राहिली. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतील बहुसंख्य कष्टकऱ्यांची कहाणी एका दंतकथेखाली दबून गेली.

जुन्नर-आंबेगावातून मुंबईला गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत असेच घडले आहे, असे मला वाटते. फरक इतकाच, की आपली दंतकथा गुन्हेगारीची नसून कौतुकाची आहे.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या पट्ट्यातली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत डबे पोहोचवू लागली. २००३ साली इंग्लंडच्या युवराजांनी डबेवाल्यांची भेट घेतली आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत त्यांच्या अचूकतेचे दाखले दिले जाऊ लागले. गांधीटोपी, सायकल, डब्यावरची रंगीत खूण. या चित्रात माणूस कामावर असतो, घरी कधीच नसतो. इतरांच्या घरचे जेवण वेळेवर पोहोचवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी चूल कोण पेटवते, हा प्रश्न त्या कौतुकात बसत नाही. २०२०च्या टाळेबंदीनंतर हा व्यवसाय फार आक्रसला; दंतकथा मात्र शाबूत आहे.

डबेवाला हा त्या स्थलांतराचा केवळ एक चेहरा. गिरणीत, गोदीत, भाजीबाजारात, माथाडी म्हणून हमालीत राबणारे कितीतरी होते. गावाकडे बायको, म्हातारी आई आणि पावसावरची शेती. मुंबईत एका खोलीत दाटीने राहणारे गाववाले आणि खानावळीचे जेवण. मनिऑर्डर ही या दोन घरांमधली नियमित वाट, तर यात्रा आणि भाताची आवणी ही परतण्याची निमित्ते. सातबाऱ्यावर नाव गावाचे, रेशनकार्डावर मुंबईचे. यातून जो संसार उभा राहिला त्याला एक नव्हे, दोन चुली होत्या.

यावर आक्षेप येईल की समुद्र ओलांडून परभाषेत जाणे आणि माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे मुंबई गाठणे यांची तुलना कशी व्हावी? आक्षेप रास्त आहे. पण माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. अमेरिकेत गेलेल्यांपैकीही पुष्कळ इटालियन परतले होते. तरी स्थलांतराची कादंबरी सहसा राहिलेल्यांची लिहिली जाते: पहिली पिढी झिजते, दुसरी भाषा बदलते, तिसरी स्थिरावते. आपल्याकडे परतीची वाट एका रात्रीची असल्याने स्थिरावण्याचा क्षण सतत पुढे ढकलला गेला. कोणी गिरणी संपानंतर, १९८२ नंतर, रिकाम्या हाताने परतले. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने पूर्वेकडच्या शिवारात ऊस, द्राक्षे, टोमॅटो आले आणि शेतीचाच ओढा वाढला. उलट डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याला ज्याचे नाव आहे त्या गावातून मुंबईला गेलेल्याने परतायचे कुठे? इतके कथाद्रव्य एका तालुक्यात आहे.

मराठीत स्थलांतरिताचे चित्रण झालेच नाही, असे अर्थातच नाही. अण्णाभाऊ साठे यांनी गावी राहिलेल्या 'मैने'चा विरह शाहिरीत आणला, नारायण सुर्वे यांनी कामगाराला कवितेचा नायक केले, जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने संपानंतर विस्कटलेले गिरणगावातले घर रंगमंचावर उभे केले. पण आपण ही परंपरा 'कामगार साहित्य', 'ग्रामीण साहित्य' अशा वेगळ्या कप्प्यांत शिकवतो. गिरणीत राबणारा नवरा एका कप्प्यात, आंबेगावात भात लावणारी बायको दुसऱ्या कप्प्यात. दोघांचा संसार एक असूनही अभ्यासक्रमात त्यांची गाठ पडत नाही. विरहाच्या गाण्यात ती दिसते, पण पुरुषाच्या आठवणीतून. सावकाराशी बोलणारी, बांधाची भांडणे निस्तरणारी, मुलाला शहरात पाठवायचे की नाही ते ठरवणारी कर्ती स्त्री म्हणून तिची दीर्घ कथा फारशी वाचनात येत नाही.

मंचर, जुन्नर, ओतूर, नारायणगाव येथील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्यांच्या घरांत मनिऑर्डरीची वाट पाहिलेल्या आज्या अजून आहेत. प्रकल्पासाठी आणखी एका प्रसिद्ध कादंबरीतील व्यक्तिरेखांची यादी करून घेण्याऐवजी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे: मुंबईहून किती पैसे येत, ते कशावर खर्च होत, कोणती गोष्ट पत्रात कळवायची नाही असे त्या ठरवत, हे विचारून लिहून घ्यावे. कादंबरी कदाचित पुढे कोणी लिहील. तिचा आवाज मात्र आत्ताच टिपायला हवा. त्या आज्यांकडे फार वर्षे उरलेली नाहीत.