स्टॉपर लावा हो काका!

आठवडाभर मगरपट्ट्याच्या एसीत बसून कंटाळा येतो. मग शनिवारी मी रामटेकडीला, मित्राच्या वडिलांच्या शेडवर हात काळे करायला जातो. डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं जावावर. आपल्या पिढीचा राष्ट्रीय आजार, दुसरं काय. असो.

तर परवा मी एक प्लेट वाया घालवली. १२ मिमी जाड, सगळी भोकं आधीच पाडून झालेली. ८० मिमी त्रिज्येवर ६० अंशांची गोल खाच तेवढी मारायची होती. काकांचं रोटरी टेबल ९० ला १ चं, म्हणजे हँडलचा एक फेरा = ४ अंश. ६० अंशांना १५ फेरे. एका वेळी २ मिमी खोल जायचं, म्हणजे हे १५ फेरे सहा वेळा न चुकता मोजायचे. तिसऱ्या खेपेत, नवव्या फेऱ्याला ऑफिसातून फोन. हात थांबवला, "रीस्टार्ट मार" म्हणालो आणि पुन्हा मोजायला लागलो.. आठपासून. खाच ४ अंश लांब, म्हणजे त्या त्रिज्येवर साडेपाच मिमीच्या वर. प्लेट भंगारात.

काका म्हणाले, "लक्ष कुठं होतं? आम्ही तीस वर्षं मोजतोय, कधी स्टॉपर लागला नाही."

चूक माझीच, मान्य. पण ह्या वाक्याशी माझं भांडण आहे. "लक्ष ठेवा" हा काय उपाय झाला? टेबलाच्या कडेला अंशांच्या खुणा असतात, पण त्यांच्यावर कूलंट आणि चिप्सचा थर. जी गोष्ट एक लोखंडी ठोकळा करू शकतो, ती माणसाच्या डोक्यावर का टाकायची?

खर्च तरी किती? काही टेबलांच्या कडेलाच टी-खाच असते, तिच्यात दोन ठोकळे आवळायचे. काकांच्या टेबलाला ती नाही. मग वरच्या टी-खाचेत, बाहेरच्या टोकाला, कडेबाहेर डोकावणारी पट्टी बोल्टने आवळा आणि ती जिथे अडेल तिथे मशिनच्या टेबलावर एक खुंटी. असं दोन्ही टोकांना. भंगारातल्या तुकड्यांत होतं. शिवाय स्टॉपर थेट टेबलाला अडवतो, त्यामुळे वर्ममधला बॅकलॅश त्या मापात येतच नाही. फेरे मोजताना येतो.

काकांचा एक आक्षेप मात्र शंभर टक्के खरा. वर्मची ताकद इतकी की हाताला कळायच्या आत स्टॉपर सरकतो, नाहीतर वर्मच्या दातांवर ताण येतो. बरोबर. स्टॉपर म्हणजे ब्रेक नव्हे. शेवटचा अंशभर हळू जायचं, मध्ये कागदाची पट्टी धरायची, ती अडकली की थांबून टेबल लॉक करायचं. म्हणजे लक्ष लागतंच, पण एका क्षणापुरतं. नव्वद फेरे नाही!

आमच्या ऑफिसातल्या मंडळींचं उत्तर तयार असतं: "सीएनसी घ्या, सॉफ्टवेअरमध्ये लिमिट टाका." अरे बाबांनो, सीएनसीलासुद्धा सॉफ्टवेअरच्या लिमिटपलीकडे खरेखुरे लिमिट स्विच बसवतातच की. थेरॅक-२५ आठवा. कॅनडात बनलेलं किरणोपचाराचं मशिन. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीला अडवणारे हार्डवेअर इंटरलॉक होते, नव्यात ते काम सॉफ्टवेअरवर सोडलं. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयानक जास्त डोस बसला, काही दगावले. त्यातला एक बग थेरॅक-२० च्या कोडमध्येही सापडला. तिथे फक्त फ्यूज उडायचे.

आणि स्टॉपर लावण्यात कमीपणा कसला? जपानमध्ये शिंगो ह्यांनी अशा युक्त्यांना आधी 'बाका-योके' म्हटलं होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. कामगारांना ते लागलं, म्हणून नाव बदलून 'पोका-योके' केलं, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. काका अजून पहिल्याच नावावर अडलेत.

काल पुन्हा गेलो. नवी प्लेट, दोन पट्ट्या, दोन खुंट्या. सहा खेपा झाल्या, मध्ये दोन फोन आले, दोन्ही घेतले. काकांनी व्हर्नियर लावून खाच तपासली, काही बोलले नाहीत. निघताना पाहिलं तर पट्ट्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. भंगाराच्या डब्यात नाही, ड्रॉवरमध्ये :)