मास्क कपाटावर का जातो?

घोरणाऱ्या रूम-पार्टनरवर जोक मारले नाहीत असं हॉस्टेलात कोण आहे? उशी फेकणे, नाक दाबणे, मोबाईलवर रेकॉर्डिंग करून मेसमध्ये ऐकवणे... मीसुद्धा हे सगळं केलंय. पण यंदा गणपतीत दासगावला मामाकडे गेले आणि माझं हसणं बंद झालं.

मामाचं घोरणं सावित्रीच्या पलीकडे ऐकू जातं, असं आजी म्हणते. पण मध्येच सगळं एकदम शांत होतं. दहा-पंधरा सेकंद श्वासच नाही! मग दचकून जाग. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात नि हवेची वाट बंद होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७.५ टक्के लोकांना हा त्रास निघाला. आणि मामा तर मुंबई-गोवा हायवेवर टेम्पो चालवतो. या आजारात अपघाताचा धोका साधारण दुप्पट होतो म्हणे. आता हसा!

यावर उपाय आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिवन यांनी तो मांडला. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि हवा दाबाने सोडणारा छोटा ब्लोअर. त्या दाबाने घसा उघडा राहतो. नाव सीपॅप. गुण पहिल्या रात्रीपासून येऊ शकतो, पण मास्क लावला तरच! रात्री किमान चार तास हा नेहमीचा हिशोब. वेगवेगळ्या पाहण्यांत २९ ते ८३ टक्के पेशंट तेवढंही करत नाहीत असं दिसलंय.

मामाचं मशिन कपाटावर होतं. मी लगेच लेक्चर झोडलं, "एवढे पैसे घालून असं कसं रे मामा?"

मामा म्हणाला, "अगं, तोंडाला सोंड बांधून झोपून बघ एकदा. वारा डोळ्यात जातो, नाक सुकतं, नि लाईट गेली की जीव गुदमरतो."

मी गप्प. नीट बघितलं तर तिन्ही तक्रारी इंजिनिअरिंगच्या! मामाच्या भरघोस मिशीमुळे मास्क लीक होत होता. हवा ओलसर करणारं भांडं खोक्यातून बाहेरच आलं नव्हतं. आणि बॅटरी नाही. जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा महाडचा पूर बघितलेल्या भागात लाईट धरून कसं चालेल? मशिन देणारा माणूस दहा मिनिटांत डेमो देऊन गेला तो गेलाच. मशिन रोजचे तास नि लीक स्वतः नोंदवतं. चार महिन्यांत ते कोणी उघडून बघितलं नाही.

"पेशंट ऐकत नाही" हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. जबाबदारी मामाचीही आहे, कबूल. पण सवय लागणार की नाही हे बरंचसं पहिल्या एक-दोन आठवड्यांत ठरतं, आणि नेमकं तेव्हाच पेशंट एकटा असतो. टीबीच्या गोळ्या सुटू नयेत म्हणून आपण डॉट्समध्ये समोर माणूस बसवला. इथे निदान तिसऱ्या दिवशी एक फोन, मास्क बदलून देण्याची सोय, मराठीत माहिती आणि बॅटरी, एवढं मशिनच्या किमतीतच धरायला काय हरकत आहे?

मामाला आता नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मिळालाय. कधी पाच तास, कधी तीन. मामी म्हणते, "ह्यांचं घोरणं थांबलं नि माझी झोप गेली. श्वास चालू आहे ना, म्हणून उठून बघते!"

बी.ई.च्या दादा-ताईंनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? स्वस्त बॅटरी बॅकअप घ्या की! आणि बाकीच्यांनो, रूम-पार्टनर घोरता घोरता मध्येच थांबला तर उशी फेकू नका. सेकंद मोजा, आणि सकाळी त्याला डॉक्टरकडे न्या.