दोन टक्क्यांतले किती टक्के?

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की हॉस्टेलवर 'पॅकेज' सोडून दुसरा विषय नसतो. पण ज्यांचं कॅम्पसमधून जमत नाही त्यातले काही जण गुपचूप एका धंद्यात शिरतात. त्याबद्दल मेसमध्येसुद्धा कोणी मोठ्यानं बोलत नाही. धंदा म्हणजे रिअल इस्टेट एजंटचा. आपल्याकडे अजून त्याला 'दलाल' म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. माझ्या मते तोंड वाकडं करायचं काही कारण नाही. प्रश्न एवढाच, की नवीन पोरानं (आणि पोरीनंही, का नाही?) कोणाच्या ऑफिसात जायचं?

आपले सीनियर्स जॉइन होताना पहिला प्रश्न विचारतात, "कमिशनमध्ये माझे किती टक्के?" इथंच गडबड आहे मित्रांनो! समजा ३० लाखांचा फ्लॅट, दलाली २ टक्के, म्हणजे ६०,००० रुपये. एक ऑफिस तुम्हाला ७० टक्के देतं, पण हातात फोन नंबरांची एक यादी कोंबून "लाव फोन" म्हणतं. वर्षात दोन डील झाली तर मिळाले ८४,०००. दुसरं ४० टक्केच देतं, पण जुना माणूस सोबत साइटवर नेतो, बोलणी कशी करायची ते दाखवतो. पाच डील झाली तर १,२०,०००. एम-थ्री पास झालेल्यांना एवढं गणित जमायला हवं. शिवाय बिल्डरकडून पैसे बहुतेक वेळा करार रजिस्टर झाल्यावरच सुटतात. तोवर पेट्रोल, मोबाइल आणि मेसचं बिल कोण भरणार, हे आधी विचारलेलं बरं. थोडा का होईना, फिक्स पगार देणारं ऑफिस पहिल्या वर्षी केव्हाही चांगलं.

पण माझ्या दृष्टीनं पैशाच्याही आधी एक गोष्ट येते. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे. नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटचीही महारेराकडे नोंदणी लागते. नसेल तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ मध्ये महारेरानं ट्रेनिंग आणि परीक्षाही सक्तीची केली. ती फक्त मालकाला नाही, तर गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या त्याच्या माणसांनाही. म्हणून इंटरव्ह्यूत उलटा प्रश्न टाका, "सर, तुमच्याकडं किती जणांकडं सर्टिफिकेट आहे?" साहेब हसून विषय बदलायला लागले, तर चहा पिऊन निघा.

आता आपल्या भागाचं बघू. माधवनगर, बुधगाव, कुपवाड, कुठल्याही रस्त्यानं जा, 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड दिसतात. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅटची स्कीम असेल तर रेराची नोंदणी लागतच नाही. आणि छोट्या गावात असल्या स्कीम पुष्कळ. शेतजमिनीतले गुंठे पाडून विकणारेही आहेत. तिथं महारेराची वेबसाइट तुमच्या मदतीला येत नाही, सातबारा वाचता यावा लागतो. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना सातबारा, फेरफार, विसार, साठेखत हे शब्द म्हणजे एलियन लँग्वेज! इंटरनेटवर वाचून ते अर्धंच कळतं. तलाठी कार्यालयात आणि सब-रजिस्ट्रारकडं घेऊन जाणारा कोणी हवा. असा माणूस ज्या ऑफिसात आहे, तिथं भले बोर्ड जुनाट असो आणि एसी नसो, मी तेच निवडेन.

आणखी एक टेस्ट, खास सांगलीची. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. सांगलीतला एखादा फ्लॅट दाखवायला ऑफिसचा माणूस निघाला की तुम्हीही त्याच्यासोबत जा. गिऱ्हाईक विचारेलच, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो खरं सांगतो की "इथं काही आलं नाही" म्हणून झटकतो, ते ऐका. घेणाऱ्यानं आयुष्यभराची पुंजी लावलेली असते. उद्या पावसाळ्यात तो तुमच्याच नंबरवर फोन करेल, साहेबांच्या नाही.

काही जण म्हणतील, कोणाच्या हाताखाली कशाला, स्वतःचीच नोंदणी करू. अमेरिकेत नव्या एजंटला लायसन्सवाल्या ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं. आपल्याकडं तशी सक्ती नाही. परीक्षा पास झालात की नियमाप्रमाणे १०,००० रुपये फी भरून एकट्याच्या नावानं नोंदणी होते, ती पाच वर्षं चालते. आयडिया वाईट नाही, पण वर्ष-दोन वर्षं शिकल्यावर. त्यासाठीच जॉइन होताना कागदावर लिहून घ्या, की सोडून गेल्यावर अर्धवट राहिलेल्या डीलचे पैसे कोणाचे आणि तुम्ही आणलेलं गिऱ्हाईक कोणाचं. व्हॉट्सॲपवर आलेलं 'वेलकम टू द फॅमिली' म्हणजे अपॉइंटमेंट लेटर नव्हे!