दिव्याचा रिमोट दादीच्या हाती

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत नवे घर बांधणाऱ्यांची आणि जुन्या घराची डागडुजी करणाऱ्यांची एक नवी हौस सध्या दिसते. पीओपीच्या छतात रंग बदलणारे दिवे बसवायचे आणि ते मोबाईलवरून चालू-बंद करायचे. मुलगा पुण्यात नाहीतर आखातात नोकरीला असतो. सुट्टीत येतो, दोन दिवसांत सगळे दिवे जोडून देतो आणि परत जातो. मागे घरात अम्मी, अब्बा, दादी आणि शाळेत जाणारी नातवंडे राहतात. रात्री दोन वाजता दादीला उठायचे झाले तर दिवा लावायचा कुणी? तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे आणि ॲप सूनबाईच्या मोबाईलमध्ये आहे. सूनबाई झोपलेली आहे. दादी कुणाला उठवत नाही, भिंत चाचपत निघते.

इथेच धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. आपल्या घरांत रात्री बाथरूमला जाणे, सहेरीला उठणे, फजरच्या वजूसाठी ओल्या फरशीवर जाणे हे सारे अंधारातच होते. खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळते, आणि घरातल्या बाईचे सारे वेळापत्रक त्या खाटेभोवती फिरू लागते. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे: स्मार्ट दिव्याला रिमोट कसा जोडायचा आणि तो कुणाच्या हाती द्यायचा.

आपल्या भागाला दिव्यांची जुनी ओळख आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखाना होता आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी पोचला होता. पुढे १९६२ च्या सुमारास कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. कंदिलाची वात वर-खाली करणारी कळ काय किंवा दाराशेजारचे बटण काय, घरातल्या लहानथोर सगळ्यांना ते वापरता येत होते. नव्या दिव्यांकडूनही आपण किमान एवढी अपेक्षा ठेवायला हवी.

आधी रिमोटचे प्रकार समजून घेऊ, कारण बाजारात फसगत होते ती इथेच.

पहिला प्रकार टीव्हीच्या रिमोटसारखा. त्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो. आजकालच्या बीएलडीसी पंख्यांचे रिमोट बहुतेक याच जातीचे असतात. तो दिव्याच्या दिशेने धरावा लागतो, मध्ये भिंत किंवा पडदा आला तर चालत नाही. बहुधा तो दिव्यासोबतच मिळतो आणि वेगळी जोडणी लागत नाही. रिमोट बिघडला की सेल संपला, हे पाहायचे असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर टोकाशी ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे.

दुसरा प्रकार रेडिओ लहरींचा. गेटच्या किंवा पाण्याच्या मोटारीच्या रिमोटसारखाच, बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारा. याची लहर भिंतीपलीकडे जाते. रिमोटबरोबर काड्यापेटीएवढी एक डबी येते, ती इलेक्ट्रिशियन स्विचबोर्डाच्या मागे बसवतो. दिवा साधाच राहतो, नेहमीची एलईडी ट्यूबसुद्धा चालते. जोडणी सोपी असते: डबीवरचे छोटे बटण दाबायचे, तिच्यावरचा बारीक दिवा लागला की रिमोटवरचे हवे ते बटण दाबायचे. डबीने ते बटण लक्षात ठेवले की काम झाले. इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही.

तिसरा प्रकार वायफाय बल्बचा. हा बल्ब घरच्या राउटरशी बोलतो आणि आपण मोबाईलवरून राउटरमार्फत त्याला हुकूम देतो. याला बाजारातला कुठलाही रिमोट चालत नाही. काही कंपन्या आपल्या बल्बांसाठी वेगळा रिमोट विकतात, तोच घ्यावा लागतो. बल्ब घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, ‘याच कंपनीचा रिमोट मिळतो का, आणि तो याच बल्बाला चालतो का?’

चौथा प्रकार झिग्बी किंवा ब्लूटूथच्या बल्बांचा. यांतल्या काही बल्बांना रिमोट थेट जोडता येतो, मध्ये राउटर किंवा मोबाईल लागत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत स्मार्ट बल्बच लावायचा असेल तर आमच्या मते असा थेट जोडणीचा बरा.

याशिवाय दुकानात आयआर ब्लास्टर नावाची एक वस्तू दिसते. ती मोबाईलला टीव्ही, एसी आणि पंख्याचा रिमोट बनवते, म्हणजे तिचे काम आपल्या गरजेच्या अगदी उलटे आहे. स्मार्ट बल्बाला हातातला रिमोट जोडायला तिचा उपयोग नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचे सामाईक मानकही आले आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकींशी बोलावे हा त्याचा हेतू. पण खोक्यावर ते चिन्ह आहे एवढ्यावर प्रत्येक रिमोट प्रत्येक बल्बाला जुळेलच, असे समजू नका. दुकानातच जोडून दाखवायला सांगा.

आता प्रत्यक्ष जोडणी. बल्ब घेताना त्याचे बूड पाहा. आपल्याकडची होल्डर बहुधा दोन पिनांची असतात आणि बरेच स्मार्ट बल्ब आट्याचे येतात. थेट जोडणीचा बल्ब असेल तर शिडीवर चढून खटपट करू नका. बल्ब आधी टेबल लॅम्पला लावा आणि तो चालू ठेवा. त्याच जातीचे आजूबाजूचे बल्ब बंद करा, नाहीतर रिमोट भलत्याच दिव्याशी नाते जोडेल. रिमोट बल्बापासून चार बोटांच्या अंतरावर धरा आणि जोडणीचे बटण साधारण दहा सेकंद दाबून ठेवा. बटण कोणते ते पत्रकात दिलेले असते. बल्ब लुकलुकला की जोडणी झाली. मग बल्ब काढून वर बसवा, जोडणी त्याच्या लक्षात राहते.

वायफाय बल्ब असेल तर मोबाईल २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर असल्याची खात्री करा, कारण असे बहुतेक बल्ब ५ गिगाहर्ट्‌झवर जोडले जात नाहीत. पत्रकात सांगितल्याप्रमाणे स्विच तीन ते पाच वेळा चालू-बंद केला की बल्ब लुकलुकू लागतो. मग ॲपमध्ये बल्ब जोडा आणि त्यानंतर रिमोट. दुसऱ्या कुणाकडून जोडून घेत असाल तर शेजारी बसून पाहा आणि पायऱ्या वहीत लिहून घ्या.

इथे आपल्या भागातली एक अडचण लक्षात घ्यायला हवी. स्विच अनेकदा चालू-बंद केला की बल्ब जुनी जोडणी विसरून नव्याने जोडायला तयार होतो. पावसाळ्यात पाटण-जावळीकडे किंवा शिराळ्यात वीज चार-पाच वेळा ये-जा करते, तेव्हाही काही बल्ब असेच वागतात. बल्ब बिघडला म्हणून फेकू नका, पुन्हा जोडून पाहा. दुसरी गोष्ट, वीज गेली आणि मध्यरात्री परत आली की अनेक स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात आणि तान्हे मूल दचकून उठते. ॲपमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचे’ अशा अर्थाची सेटिंग असते. तिथे ‘आधीसारखे’ किंवा ‘बंद’ निवडा.

सर्वांत मोठा घोटाळा भिंतीवरच्या बटणाचा होतो. स्मार्ट बल्बाला कायम वीज लागते. अब्बांनी सवयीने खोलीतून निघताना बटण बंद केले की मोबाईल आणि रिमोट दोन्ही निकामी. घरोघरी यावरून कुरबुरी होतात आणि दोष मात्र वडीलधाऱ्यांच्या ‘विसरण्याला’ दिला जातो. खरे तर दिवा बंद करून खोली सोडण्याची सवय चांगली आहे, तीच आपण मुलांना शिकवत आलो. ती मोडायला लावण्यापेक्षा दिव्याची रचना बदला. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, जिना आणि बाथरूम यांत साधेच दिवे ठेवा आणि बोर्डामागे डबी बसवा. भिंतीवरचे बटण आणि रिमोट दोन्ही चालतील अशी डबी मागा. अशा डबीला न्यूट्रल वायर लागते. आपल्या बोर्डात बहुधा प्लगची जागा असते, म्हणून न्यूट्रल तिथे मिळते. जुन्या वाड्यांत आणि जिन्यातल्या जोडबटणांपाशी मात्र तपासून घ्या. हे काम मेन स्विच बंद करून जाणत्या इलेक्ट्रिशियननेच करावे. दिव्याच्या डबीवर गिझर किंवा मोटार जोडू नका. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, छोट्या डबीला तो सोसत नाही.

सांगलीच्या नदीकाठच्या वस्त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. ज्यांच्या घरात पाणी शिरले आहे त्यांनी राउटर आणि डब्या जमेल तेवढ्या उंचावर, शक्य असेल तर वरच्या मजल्यावर बसवाव्यात. पाणी शिरलेला बोर्ड वाळला असे वाटले तरी इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. अशा वेळी रिमोटने दुरून दिवा लावून पाहण्याचा मोहही टाळावा.

घरात लहान मूल असेल तर रिमोटच्या सेलकडे लक्ष द्या. अनेक छोट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. संशय आला तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट मोठे रुग्णालय गाठा. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारा रिमोट घ्या. जुना सेल चिकटपट्टी गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

विजेचा हिशेबही मांडू. स्मार्ट बल्ब बंद असला तरी हुकुमाची वाट पाहत जागा असतो आणि साधारण अर्धा वॅट वीज खातो. दहा बल्बांचे महिन्याला ३.६ युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण न वापरता जाणारी वीजही इसराफच. म्हणून जिथे खरी गरज आहे तिथेच असे दिवे लावा.

आता थोडे नाजूक बोलू. ज्याच्या मोबाईलमध्ये ॲपचा मुख्य खातेदार असतो, घरातल्या दिव्यांचा ताबा त्याच्याकडे असतो. परदेशात बसूनही त्याला कोणत्या खोलीतला दिवा केव्हा लागला हे दिसू शकते आणि तिथून तो बंदही करता येतो. मुलाचा हेतू काळजीचा असेल, तरी घरात राहणाऱ्या पत्नीला आणि बहिणीला हे ठाऊक असले पाहिजे आणि त्यांची संमती असली पाहिजे. रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या किंवा आजारी सासूजवळ जागणाऱ्या सुनेच्या दिव्याची नोंद दूरवर कुणी वाचत बसावे, हे घराला शोभत नाही. ॲपमध्ये घरातल्या इतर सदस्यांना जोडण्याची सोय असते, ती वापरा. शक्य असेल तर मुख्य खाते घरात राहणाऱ्या बाईच्या नावानेच उघडा. खात्याचा पासवर्ड आणि वायफायचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवा. राउटर बदलला तर नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा, म्हणजे बल्ब पुन्हा जोडावे लागणार नाहीत.

रिमोट दादीच्या हाती देताना चालू आणि बंद अशी दोनच मोठी बटणे असलेला निवडा. चालूच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या, अंधारात बोटाला लागतो. रिमोट खाटेच्या कठड्याला दोरीने बांधा किंवा उशाशी भिंतीवर चिकटवा. खाटेपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, चाहूल लागताच लागणारा मंद दिवा बसवला तर रिमोट हरवला तरी वाट दिसेल. रमजानमध्ये सहेरीच्या वेळी स्वयंपाकघरातला दिवा टायमरवर ठेवता येतो. पण वेळ रोज थोडी सरकते, म्हणून आठवड्यातून एकदा ती दुरुस्त करायला विसरू नका.

सगळे जोडून झाले की एक परीक्षा घ्या. रात्री राउटर बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या खाटेवरून दिवा लावायला सांगा. दादीपासून सुरुवात करा. तिला दिवा लावता आला नाही, तर इलेक्ट्रिशियनला पैसे चुकते करण्याआधी पुन्हा बोलवा.