ग्रंथातील घर आणि पडद्यावरील दार

कादंबरी आधी वाचावी की तिच्यावरील चित्रपट आधी पाहावा, हा वाद सुशिक्षित घरांतून नेहमीच रंगतो. आमचे मत याबाबतीत आजवर ठाम होते. ग्रंथ हा मूळ पुरुष आणि चित्रपट ही त्याची छाया! ज्या नाशकात १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय चालत आले आहे, त्या गावच्या वाचकाने निराळे मत बाळगावे तरी कसे? परंतु गेल्या श्रावणात पावसाने दोन दिवस घरात कोंडून घातले असता आमच्या चिरंजीवांनी ‘गॉडफादर’ हा चित्रपट घरातच लावला, आणि आमच्या मतास तडा गेला.

मारिओ पुझो यांची ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली, व फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा चित्रपट १९७२ साली आला. पटकथा दोघांनी मिळून लिहिली. कथा न्यूयॉर्कमधील एका इटालियन गुन्हेगार घराण्याची आहे. व्हिटो कोर्लिओने हा टोळीचा नायक आणि घराचा कर्ता पुरुष. त्याचा धाकटा मुलगा मायकेल शिकलेला, युद्धात नाव मिळवलेला, वडिलांच्या धंद्यापासून दूर राहू इच्छिणारा. वडिलांवर गोळ्या झाडल्या जातात तेव्हा तो त्यात ओढला जातो, आणि अखेर त्यांच्या गादीवर बसतो.

कादंबरीचा संसार ऐसपैस आहे. व्हिटोच्या तारुण्याची सविस्तर हकीकत, जॉनी फाँटेन या गायकाचे हॉलिवुडमधील दिवस, लूसी नावाच्या मुलीची स्वतंत्र कथा, असे पुष्कळ काही तीत आहे. चित्रपटाने लूसीची कथा जवळजवळ सोडली, गायकाची आखडती घेतली आणि व्हिटोचे तारुण्य १९७४ सालच्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवले. गाळलेल्यापैकी काही मजकूर तर कुटुंबात मोठ्याने वाचण्याजोगा नाहीच. तो गेला याचे आम्हांस दुःख नाही.

चित्रपटाने स्वतःची भर कोठे घातली, ते मात्र पाहण्यासारखे आहे. मायकेल बहिणीच्या बाळाचा धर्मपिता म्हणून बाप्तिस्म्यास उभा राहतो, आणि त्याच सुमारास त्याच्या आज्ञेने त्याचे वैरी मारले जातात. कादंबरीत हे प्रसंग वेगवेगळे सांगितले आहेत. कोपोला यांनी ते एकमेकांत गुंफले. ओठांवर सैतानाचा त्याग, आणि शहरभर त्याच ओठांच्या हुकुमाने पडणारी प्रेते! जे पटवून देण्यास लेखकास पाने लागावीत, ते येथे काही मिनिटांत डोळ्यांस दिसते.

परंतु दोन्ही कृतींतील खरा भेद शेवटी आहे, आणि त्या रात्री आमच्या घरात चर्चा झाली ती त्यावरच. मायकेलने बहिणीच्या नवऱ्याचा जीव घेतला, असा आरोप बहीणच करते. मायकेलची पत्नी के त्यास खरे काय ते विचारते. तो साफ नाही म्हणतो. पुढे कादंबरीत केला सत्य उमगते. ती मुले घेऊन माहेरी निघून जाते. घराण्याचा वकील टॉम हेगन तिची समजूत घालण्यास येतो, हत्येची कारणे सांगतो, आणि ती परत येते. ती सासूचा धर्म स्वीकारते, आणि सासू जशी आपल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी देवळात जाते, तशीच तीही जाऊ लागते. चित्रपटात यातील काहीच नाही. के दुरून पाहते. माणसे मायकेलच्या हाताचे चुंबन घेतात. एक हस्तक पुढे होऊन खोलीचे दार लोटतो. कथा संपली!

प्रथम आम्हांस कादंबरीचा शेवट अधिक भरीव वाटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र शंका आली. वकिलाने पापाची कारणमीमांसा दिली की पत्नीने ती पचवावी आणि उरलेली जबाबदारी देवावर सोपवावी, असा हा शेवट आहे. वाचकही तिच्यासंगे शांत होतो. चित्रपट ही शांती देत नाही. लोटलेल्या दारापुढे तो पत्नीस उभी ठेवतो आणि आपणांसही. १९७४ सालच्या भागात तर मायकेलच्या आज्ञेने सख्ख्या भावाचाच बळी जातो. कादंबरी मेहुण्यापाशी थांबली होती.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. व्हिटो बोलू लागला की आपल्या मनात आपल्या आईचा आवाज उमटत असे, असे पुझो यांनीच सांगून ठेवले आहे. गरिबीत मुले वाढवणाऱ्या माउलीचा करारीपणा त्यांनी टोळीच्या नायकास दिला! आणि त्याच कथेतील आई स्वयंपाकघर व देऊळ यांपलीकडे फारशी कोठे दिसत नाही.

हे परक्या मुलखाचे, असे म्हणून सुटता येत नाही. राम गोपाल वर्मा यांच्या २००५ सालच्या ‘सरकार’ या हिंदी चित्रपटाने हीच कथा, मूळ कृतीचे ऋण मान्य करून, मुंबईतील नागरे या मराठी घरात आणून बसवली. तेथेही गाऱ्हाणी, न्याय आणि हुकूम पुरुषांच्या बैठकीत, बायका दाराशी.

वास्तविक आपल्या चित्रपटाचा आरंभ याच्या अगदी उलट घरात झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कामावरच्या मंडळींस रांधून घातले आणि फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. पुढे फाळके नाशकास आले व १९४४ साली येथेच निवर्तले. त्या घरात धंदा आणि संसार यांच्यामध्ये दार नव्हते.

हे सर्व आम्ही दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने चहाच्या वेळी सांगत होतो. सौभाग्यवती शेंगा सोलीत ऐकत होत्या. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मित्राच्या कर्जास जामीन राहिलो होतो आणि घरात चकार शब्द काढला नव्हता. हेतू चांगला होता. उगाच काळजी कशाला, असे आम्ही म्हणालो होतो. मित्राचे हप्ते थकले आणि नोटीस आली, ती त्यांच्याच हाती पडली.

“अहो,” त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या बाईला दार लावलेले निदान दिसले तरी. घरात दार आहे, हेच मला नोटीस आल्यावर कळले.”

चिरंजीव हसले. आम्हांस हसू आले नाही. कपाटातून त्या कर्जाचे कागद काढून आम्ही त्यांच्यापुढे ठेवले, आणि अजून किती हप्ते बाकी आहेत ते प्रथमच दोघांनी मिळून मोजले.