पाठीवरची फुली

दृष्टी आणि श्रवण या दोन्ही क्षमता एकाच व्यक्तीत क्षीण असण्याच्या अवस्थेस बधिरांधत्व म्हणतात. ती दोन अपंगत्वांची केवळ बेरीज नव्हे, कारण अंध माणूस कानांवर विसंबतो, बधिर माणूस डोळ्यांवर, आणि येथे नेमका तो आधारच उरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने बहुविकलांगतेच्या गटात तिची नोंद घेतली आहे. मात्र पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांवर बधिरांध प्रौढाचा दिवस पार पडतो तो प्रमाणपत्रावर नव्हे, तर हात देणारे माणूस घरी आहे की नाही यावर.

या क्षेत्रातील जाणत्या संस्था, म्हणजे 1977 पासूनची मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट आणि 1997 पासूनची अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया, शहरांत आहेत. दोन्ही शहरांना जोडणारा लोहमार्ग डहाणू रोडवरूनच जातो, पण गाडी जाते म्हणून सेवा उतरतेच असे नाही. शिक्षित बधिरांधांशी तळहातावर अक्षरे गिरवून बोलता येते. ज्या वारली घरात अक्षरओळखच झालेली नाही, तेथे वस्तू-संकेत, म्हणजे पुढे काय घडणार हे हातात वस्तू देऊन कळवण्याची रीत, अधिक उपयोगी ठरते. थाळी हाती आली की जेवण, पंचा आला की आंघोळ, आणि आलेली व्यक्ती कोण हे तिच्या हातातल्या कड्यावरून. घरापासून शौचालयापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधली आणि घागर, खाट, चुलीची जागा कोणी परस्पर हलवली नाही, तर बरीच हालचाल एकट्याने होते. वाडीतील चिकू आकारानुसार निवडण्याचे काम स्पर्शाने करता येण्याजोगे आहे, आणि ते मजुरीचे काम आहे, मन रमवण्याचे नव्हे. उतारवयात ऐकू येणे कमी झालेल्याला मोतीबिंदूही असेल, तर आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक घराबाहेर झोपू लागले. धक्का बधिरांध व्यक्तीलाही जाणवतो. कळत नाही ते एवढेच की ही जमीन हलली, की कोणी खाट ओढली, आणि आता कोठे जायचे. यासाठी काही देशांत पाठीवर बोटाने मोठी फुली काढतात: प्रश्न न विचारता लगेच बाहेर चला, असा तिचा अर्थ. खर्च शून्य असलेली ही खूण घरातल्यांनाच नव्हे, तर शेजाऱ्यांना आणि आशा सेविकेलाही ठाऊक हवी, आणि ऐन धक्क्याच्या वेळी ती प्रथमच काढून उपयोग नाही.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर कुटुंबे स्थलांतर करतात, तेव्हा ही सगळी व्यवस्था कोसळते, कारण मदतीसाठी मागे राहणाऱ्याची मजुरी बुडते. उच्च आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद अधिनियमाच्या कलम 24 मध्ये आहे, तीही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. तो भत्ता हंगामातील रोजंदारीच्या जवळपास जात नसेल, तर घरातले माणूस मागे थांबणार नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही.