पुढे दुकान, मागे घर : धसईसारख्या बाजारपेठेला नियम काय सांगतात?

मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव देशभर गाजलं ते १ डिसेंबर २०१६ ला. नोटबंदीला महिनाही झाला नव्हता आणि धसईला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर करण्यात आलं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार गावात आले, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिल्या. निवड धसईची झाली, कारण आसपासची गावं-पाडे खरेदीला इथेच येतात. त्या दिवसांत चर्चा झाली ती गल्ल्यात पैसे कसे येतात याची. ज्या जागेत तो गल्ला आहे, तिची सरकारी कागदावर नोंद काय, हा प्रश्न मागेच राहिला. आमच्या मते आज तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

धसई असो, मुरबाड, शहापूर असो की आपले मोहल्ले, बाजाराची ठेवण सगळीकडे सारखीच. पुढे दुकान, मागे किंवा वर घर. किराणा, टेलरिंग, सायकल दुरुस्ती, चिकन सेंटर, मोबाईल रिपेअरिंग. वेगळा गाळा भाड्याने घ्यायची ऐपत नसते. अम्मी स्वयंपाक करता करता गिऱ्हाईक बघते, पोरं शाळेतून आली की गल्ल्यावर बसतात. घरातल्या बाईला शिलाई मशीनवर चार पैसे मिळतात ते ओटीवर जागा आहे म्हणून. ही जागा गेली तर दुकान जातंच, पण घराचं सगळं गणित बिघडतं.

घर एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, हा विचार आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वापरानुसार जमिनीचे विभाग पाडणं वैध ठरवलं. त्यानंतर तिकडे राहण्याच्या वस्त्यांतून दुकानं हद्दपार होत गेली. आता तिथलीच अनेक शहरं वस्तीतल्या छोट्या दुकानांना पुन्हा जागा देत आहेत. जपानने मधला रस्ता काढला. तिथे सगळ्यात कडक निवासी विभागातही घराला जोडून छोटं दुकान चालतं, फक्त ते ५० चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्याहून कमी जागेत असावं लागतं.

आपल्या राज्यात मुंबई वगळता बहुतेक भागाला एकच नियमावली लागू आहे. ती म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिच्यात निवासी विभागाचे दोन प्रकार आहेत आणि ते ठरतात समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. अरुंद रस्त्यावर घरगुती व्यवसाय, दवाखाना, रोजच्या गरजेची दुकानं अशा मर्यादित गोष्टी चालतात. रुंद रस्त्यावर व्यापाराला जास्त मोकळीक मिळते. म्हणजे घर आणि दुकान एकत्र असणं हा गुन्हा नाही, नियमात त्याला जागा आहे. वेल्डिंग, केमिकलचा साठा असल्या गोष्टींना वस्तीत बंधनं असतात, आणि ती असायलाच हवीत. शेजाऱ्याच्या जिवाला धोका होईल असा धंदा कोणाच्याच भल्याचा नाही.

मग अडतं कुठे? अडतं जमिनीच्या प्रकारावर. धसईत ग्रामपंचायत आहे, नगर पंचायत नाही. गावठाणात बांधायचं तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ बघावं लागतं. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर दुकान टाकायचं तर जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी कलम ४२-ड ची सवलत आहे, पण ती आपोआप कागदावर येत नाही. त्याची प्रक्रिया तहसीलमधून पूर्ण करून घ्यावी लागते. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या ग्रामीण बांधकामाला नगररचना विभागाकडे जायची गरज नाही असं जाहीर केलं होतं. ते गाजलं घरांसाठी. त्यावर विसंबून कोणी थेट दुकानाचा गाळा बांधू नये, आधी ग्रामपंचायतीकडून लेखी उत्तर घ्यावं.

दुसरी गल्लत नमुना ८ ची. घरपट्टीची पावती आणि नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा, असं बरेच लोक समजतात. तो करआकारणीचा उतारा आहे. मालकीच्या कामी येतं मालमत्ता पत्रक. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून ही पत्रकं दिली जातात. आपल्या गावात मोजणी झाली का, पत्रकावर नाव कोणाचं लागलं, बहिणींचा आणि आईचा हक्क त्यात आला का, हे आताच बघायला हवं.

हे आताच, कारण रस्ते रुंद होत आहेत. कल्याण-माळशेज मार्ग आणि शहापूर-मुरबाड-कर्जत महामार्ग यांमुळे या दोन्ही तालुक्यांत रस्त्यालगतच्या जागेचा भाव वाढतोय आणि कारवाईची भीतीही. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडायची संधी बंधनकारक केली. आपल्या समाजात या निकालाचं स्वागत झालं, ते योग्यच. पण त्यातला अपवादही वाचायला हवा. रस्ता, फुटपाथ, नदी-तलाव, रेल्वेलगतच्या सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणजे घर आपलं, पण पुढे काढलेली पत्र्याची शेड रस्त्यावर असेल, तर तो निकाल शेडला वाचवणार नाही. रस्त्यातला अडथळा दूर करणं हा सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतोच.

हातगाडीवाल्यांची अडचण वेगळी आहे. पथविक्रेता कायदा २०१४ महापालिका, नगरपालिका, नगर पंचायत आणि कॅन्टोन्मेंटपुरता आहे. मुरबाड आणि शहापूर इथे नगर पंचायती आहेत, तिथला विक्रेता सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र मागू शकतो. धसईच्या बाजारात पथारी मांडणाऱ्याला मात्र या कायद्याचा आधार नाही. त्याची जागा ग्रामपंचायतीच्या ठरावावर उभी आहे.

म्हणून ग्रामसभा महत्त्वाची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना आपल्यापैकी किती जण तिथे जातात? बाजाराची हद्द कुठून कुठपर्यंत, पथारीवाले कुठे बसतील, मटण-चिकनची दुकानं कोणत्या बाजूला आणि त्यांचं सांडपाणी कुठे जाईल, हे सगळ्यांनी मिळून ठरवून ठरावात लिहून घेतलं तर उद्या एकाच दुकानावर बोट ठेवणं अवघड जाईल. महिला ग्रामसभेत आपल्या बहिणींनी घरगुती शिलाई, खाद्यपदार्थांच्या व्यवसायाची नोंद मागावी. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तीही देऊन पोच जपून ठेवावी.

मालमत्ता पत्रक, नमुना ८, दुकानाच्या सूचनेची पोच, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल. हे चार कागद एका फाईलमध्ये असलेलं घर नोटीस आल्यावर गडबडून जात नाही, त्याच्याकडे उत्तर तयार असतं. हलाल रोजीला कायद्याने जागा दिलेली आहे. ती जागा आपल्या नावावर लिहून घेणं आता आपल्याच हातात आहे.